दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : बेळगावचे वकील ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या जागृतीचा इतिहास ज्यांच्या नामोल्लेखावाचून पूर्ण होऊ शकत नाही, त्यांत कै. अण्णा बाबाजी लठ्ठे यांचे स्थान अग्रभागी आहे. कुरुंदवाडला १८७८ मध्ये जन्मलेल्या अण्णासाहेबांनी एम.ए., एलएल.बी. या पदव्या संपादन केल्या. समाजात उच्च शिक्षण दुर्मिळ असण्याचा तो काळ होता. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९०५ साली त्यांनी जैन धर्माचा परिचय करून देणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि जैन वसतिगृहाची देखरेखही त्यांच्याकडे आली.

या वसतिगृहात कुंभोजचा एक बाणेदार विद्यार्थी होता, भाऊराव पाटील. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला. परतल्यावर स्नान केल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. सुधारक म्हणून नावाजलेल्या अण्णासाहेबांच्या हातून रूढीपुढे मान तुकविणारा हा निर्णय झाला, हे इतिहासाला नमूद करावेच लागेल.

नियतीचा खेळ असा की, त्याच विद्यार्थ्याच्या जबानीवर अण्णासाहेबांचे भवितव्य अवलंबून राहण्याची वेळ आली. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यास डांबर फासण्यात आले. संशयाची सुई अण्णासाहेबांकडे वळविण्यात आली. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांचा पोलिसांनी अनन्वित छळ केला. जुना राग उगवून घेण्याची संधी समोर होती. पण भाऊरावांनी असत्य बोलण्याचे नाकारले. हेच भाऊराव पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर म्हणून कीर्तिमान झाले.

या प्रकरणानंतर अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावात वकिली सुरू केली. वकिलीबरोबरच ब्राह्मणेतर चळवळीतील एक विचारवंत नेते म्हणून त्यांचे नाव झाले. 'डेक्कन रयत' या इंग्रजी साप्ताहिकातून त्यांनी बहुजनांची बाजू मांडली. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार अस्तित्वात आलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात ते सदस्य म्हणून गेले, आणि संस्थानी मुलखातील एका वकिलाचा आवाज देशाच्या कायदेमंडळात पोहोचला.

ज्या शाहू छत्रपतींच्या राज्यातून त्यांना मनःक्लेश सोसून बाहेर पडावे लागले, ते महाराज १९२२ मध्ये निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी अण्णासाहेबांनी महाराजांचे विस्तृत इंग्रजी चरित्र दोन खंडांत सिद्ध केले. महाराजांच्या कार्याची थोरवी त्यांनी मुक्तकंठाने मांडली. शाहू चरित्राचे अभ्यासक आजही या ग्रंथाकडे वळतात. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत त्याच कोल्हापूर संस्थानाचे दिवाणपद त्यांनी भूषविले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, तेव्हा अर्थखाते अण्णासाहेबांकडे सोपविण्यात आले. मंत्रिमंडळाने दारूबंदीचा संकल्प केला होता. परंतु दारूवरील कर हा सरकारी तिजोरीचा एक मोठा आधार होता. तो सोडायचा, तर पैसा आणावयाचा कोठून? त्यासाठी १९३९ मध्ये मुंबई व अहमदाबाद येथील इमारतींवर भाडेमूल्याच्या १० टक्के दराने कर बसविण्यात आला. घरमालकांनी प्रखर विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. गरिबाच्या व्यसनातून मिळणारा महसूल सोडून त्याचा भार मिळकतदारांवर टाकणे, हे धाडसच होते. महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९५० मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाले. सांगलीच्या लठ्ठे एज्युकेशन सोसायटीच्या रूपाने त्यांचे नाव विद्यार्थ्यांच्या मुखी राहिले आहे.

क्षमापनेच्या दिवशी आपण परस्परांस 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो, हात जोडतो. दुखावलेल्या भाऊरावांनी गुरुजनाविरुद्ध खोटे बोलण्यास नकार दिला. दुखावलेल्या अण्णासाहेबांनी महाराजांचे चरित्र लिहिताना लेखणीत कटुता येऊ दिली नाही. या दोन प्रसंगांत क्षमा आणि सत्य ही आचरणात उतरलेली दिसतात. पदे आणि पदव्या काळाच्या ओघात मागे पडतात. समाजाने जपावयाचा वारसा हा आहे.