आग्वास अर्जेंटिनास
अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेस महानगराला 1993 ते 2006 या काळात पाणीपुरवठा व मलनिःसारण सेवा देणारी खाजगी कंपनी. फ्रान्सच्या स्वेझ कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाला 30 वर्षांचे कंत्राट मिळाले. दर 26.9 टक्क्यांनी उतरवण्याची बोली त्यासाठी निर्णायक ठरली. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने कंपनीला कर्ज दिले आणि तिच्या भागभांडवलात हिस्साही घेतला. त्यामुळे ते एकाच वेळी धनको व भागधारक झाले.

कंपनीची कर्जे मुख्यतः डॉलरमध्ये होती, तर पाणीपट्टी पेसोमध्ये वसूल होई. 1991 पासून एक पेसो एका डॉलरबरोबर बांधलेला असल्याने ही जोखीम झाकली गेली. जानेवारी 2002 मध्ये आणीबाणी कायद्याने ही सांगड मोडली व दर गोठवले. पेसो कोसळताच परतफेडीचा बोजा कैक पटींनी वाढला आणि कंपनीने हप्ते थकवले.

मार्च 2006 मध्ये गुंतवणुकीतील कुचराई व पाण्यातील नायट्रेटचे वाढीव प्रमाण अशी कारणे देऊन सरकारने कंत्राट रद्द केले आणि सेवा सरकारी कंपनीकडे सोपवली. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने गुंतवणूकदारांना सुमारे 40.5 कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. चलन, दरनियंत्रण व राजकीय निर्णय या तिन्ही जोखमी येथे एकत्र दिसतात.