शपथविधी ते बहुमत चाचणी

त्रिशंकू लोकसभा निवडून आली की पहिला वाद ठरलेला असतो: सरकार बनवायला आधी कुणाला बोलवायचे? सर्वांत मोठ्या पक्षाला, की निकालानंतर एकत्र आलेल्या आघाडीला? राज्यघटनेचे कलम ७५ याबाबत गप्प आहे. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, एवढेच ते सांगते. मधली सगळी जागा प्रथेने भरायची, आणि म्हणून या वादावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने खर्ची पडले. मला मात्र हा वाद दुय्यम वाटतो. शपथविधी आणि सभागृहातले मतदान यांच्यात किती दिवस जातात, हा खरा प्रश्न आहे, आणि गेल्या चार दशकांतली खरी सुधारणाही तिथेच झाली आहे.

१९७९ चा प्रसंग पाहू. तेव्हा निवडणूक झालेली नव्हती, पण जनता पक्ष फुटल्यामुळे लोकसभा त्रिशंकू झाली होती. १५ जुलैला मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी आधी विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना विचारले. आकडा जमत नाही हे पाहून यशवंतरावांनी चार दिवसांत नकार कळवला. त्यानंतर रेड्डींनी मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडून समर्थक खासदारांच्या याद्या मागवल्या. काही नावे दोन्ही याद्यांत होती! छाननीनंतर चरणसिंगांकडे २६२ आणि मोरारजींकडे २३८ नावे उरली, आणि २८ जुलैला चरणसिंगांचा शपथविधी झाला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विश्वासदर्शक ठराव मांडा, असे राष्ट्रपतींनी सांगितले होते. ठराव आलाच नाही. इंदिरा गांधींनी पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला सभागृहाला सामोरे न जाताच चरणसिंगांनी राजीनामा दिला. लोकसभा विसर्जित झाली आणि ते जानेवारी १९८० पर्यंत काळजीवाहू पंतप्रधान राहिले. राष्ट्रपती भवनात कागदावरची नावे इतक्या काटेकोरपणे मोजूनही ज्या सरकारने एकदाही सभागृहाचा विश्वास मिळवला नाही ते देशाला निवडणुकीपर्यंत घेऊन गेले. यादी खोटी असेलच असे नाही, पण यादीत नाव असणे आणि सभागृहात मत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पावसाळ्यानंतर कुणाला वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

पुढच्या राष्ट्रपतींनी वेगवेगळे मार्ग धरले. १९८९ मध्ये रामस्वामी वेंकटरमण यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून राजीव गांधींना आधी विचारले. त्यांनी नकार दिल्यावर व्ही. पी. सिंग आले, त्यांना तीस दिवसांची मुदत मिळाली. १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मा यांनी त्याच न्यायाने अटलबिहारी वाजपेयींना बोलावले, मुदत दोन आठवड्यांची. ते सरकार तेरा दिवसांत, मतदानाआधीच गेले. १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी वाजपेयींकडे पाठिंब्याची पत्रे आधी मागितली, त्यामुळे जयललितांच्या पत्रासाठी दिल्लीला ताटकळावे लागले. सर्वांत मोठ्या पक्षाला वा आघाडीला आधी संधी देण्याची रीत सर्वकाळ लागू पडणारी नाही, हे नारायणन यांनी आपल्या निवेदनात स्पष्ट केले. पण आधी तपासलेली ती पत्रेही सव्वा वर्षाच्या आत कामाची राहिली नाहीत. १७ एप्रिल १९९९ ला २६९ विरुद्ध २७० असे एका मताने सरकार पडले.

मुदत खऱ्या अर्थाने आवळली ती न्यायालयाने, आणि तीही राज्यांच्या बाबतीत. बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात ठरते, हे १९९४ च्या बोम्मई निकालाने सांगितले. फेब्रुवारी १९९८ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंग आणि जगदंबिका पाल असे दोन दावेदार उभे राहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने दोघांसाठी एकत्र मतदान घ्यायला लावले आणि काही दिवसांच्या गोंधळाचा निकाल २२५ विरुद्ध १९६ असा लागला. कर्नाटकचे २०१८ चे उदाहरण तर आरशासारखे स्वच्छ आहे. राज्यपालांनी येडियुरप्पांना पंधरा दिवस दिले होते. न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी चाचणी घ्यायला सांगितले आणि मतदानाआधीच येडियुरप्पांनी राजीनामा दिला. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेचा शपथविधी आपण सर्वांनी पाहिला. २६ तारखेला न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, खुल्या मतदानाने आणि थेट प्रक्षेपणासह चाचणी घेण्याचा आदेश दिला आणि त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस यांनी पद सोडले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की इतकी घाई केली तर वाटाघाटींना वेळच मिळत नाही, आणि १९९१ मधले नरसिंह राव यांच्यासारखे अल्पमतातले सरकार उभेच राहणार नाही. पण राव तरले ते महिनाभर मिळाला म्हणून नाही, तर विरोधकांच्या एका मोठ्या गटाने मतदानापासून दूर राहायचे ठरवले म्हणून, आणि असा निर्णय दोन दिवसांतही घेता येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घोडेबाजार शपथेआधीच चालतो, मग मुदत आखडून काय साधणार? महाराष्ट्रात निकाल २४ ऑक्टोबरला लागले आणि महिनाभर बैठका चालल्या, हे खरेच. तरीही फरक राहतो. शपथेआधी बोलणी करणाऱ्यांच्या हाती फक्त आश्वासने असतात. शपथ झाली की एका बाजूच्या हाती खाती, बदल्या आणि पोलीस येतात. ती असमानता तीस दिवस टिकू देणे आणि एक दिवस टिकू देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणूनच ही मुदत दर वेळी कोर्टाची पायरी चढून मिळवावी लागू नये. ती कायद्यातच असावी, दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नसावी, आणि राष्ट्रपती भवनालाही राजभवनांइतकीच लागू व्हावी.