विसावलेले फुप्फुस

क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसाला विश्रांती द्यावी, असे सांगणे सोपे आहे. परंतु मोडलेल्या हाताला बांधतात तशी झोळी ज्याला बांधता येत नाही, जो अवयव दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास वेळा फुगतो आणि आकसतो, आणि जो थांबला तर माणूसच उरत नाही, त्याला विसावा द्यावयाचा कसा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातील प्रत्येक क्षयआरोग्यधामापुढे होता, आणि म्हणून तो सह्याद्रीच्या माथ्यावरील पाचगणीपुढेही होता. पाचगणीविषयी लिहिणारे तेथील टेबललँडविषयी, शाळांविषयी आणि साहेबांच्या बंगल्यांविषयी पुष्कळ लिहितात. त्याच हवेत महिनोन्‌महिने खाटेवर निजून राहिलेल्या रोग्याच्या छातीत कोणता व्यवहार चालला होता, हेही कोणी सांगावे, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या मधली ही जागा, इंग्रजी अंमलात, 1860 च्या दशकाच्या सुमारास, जॉन चेसन या गृहस्थाने रुस्तुमजी दुबाश यांच्या सोबतीने हिंडून हेरली, आणि पुढे तिचा अधीक्षक म्हणून सरकारने त्यालाच नेमले. महाबळेश्वर अवघ्या पाच-सहा कोसांवर असताना दुसरे ठाणे वसविण्याची तजवीज का करावी लागली, याचे कारण पाऊस. महाबळेश्वरी पावसाळ्यात राहणे युरोपियनांना अशक्य होई; पाचगणी मात्र डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे तेथे त्या पावसाचा सुमारे तिसरा हिस्साच पडतो, आणि म्हणून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच असूनही तेथे बाराही महिने मुक्काम करता येतो. बारमाही वस्तीची ही सोय पुढे रोग्यांच्या कामी आली. साधारण त्याच काळात, 1850 च्या दशकात, हेर्मान ब्रेमर या जर्मन वैद्याने सायलीशियातील ग्योर्बर्सडोर्फ येथे डोंगरी हवा, सकस आहार आणि नियमित विश्रांती यांवर क्षयोपचाराची पद्धत उभारली होती. 1882 साली रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवून दिला, तरी जंतूला मारणारे औषध हाती नसल्यामुळे हवा आणि विश्रांती हाच उपाय शिल्लक राहिला. हिंदुस्थानात 1906 साली अजमेरजवळ तिलोनिया येथे आरोग्यधाम निघाले, आणि 1912 साली डॉ. रुस्तुमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी पाचगणीस ‘बेल-एअर’ स्थापन केले. या देशातील आरंभीच्या क्षयआरोग्यधामांत त्याची गणना करावी लागते.

अशा आरोग्यधामांतला दिनक्रम पाहिला तर तो देहाच्या हालचालींवर बसविलेला एक कडक बंदोबस्तच होता. उघड्या व्हरांड्यात खाट, सकाळ-संध्याकाळ तापमापक, खोकल्याची उबळ शक्य तितकी दाबून धरण्याची शिकवण, आणि ताप उतरल्यावरच हळूहळू वाढवीत न्यावयाची पावले. आजार जोरात असेल तर मोठ्याने बोलणे, खळखळून हसणे, हात डोक्यावर नेणे, हेही वर्ज्य. हातपाय रोग्याची आज्ञा पाळीत, कारण त्यांचे स्नायू इच्छेच्या ताब्यात असतात: मेंदूच्या बाह्य थरातून निघालेला संदेश मेरुरज्जूत उतरतो, तेथून मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूपर्यंत पोहोचतो, आणि तंतूच्या टोकाशी असिटिलकोलीन नावाचे द्रव्य पाझरले की स्नायू आकुंचन पावतो. संदेशच पाठविला नाही तर हात स्वस्थ पडून राहतो. श्वासाचे तसे नाही.

श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला मध्यपटल. तो आकुंचन पावला की खाली सरकतो, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. शांत श्वासात त्याचा हा प्रवास जेमतेम दीड सेंटिमीटरचा असला, तरी श्वसनाचे बहुतेक काम तेवढ्यावर भागते. त्याला चालना देणारा फ्रेनिक मज्जातंतू मात्र पोटाजवळून निघत नाही. मेरुरज्जूच्या मानेतील भागातून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांपासून उगम पावून, हृदयाच्या बाजूने लांबचा पल्ला काटून तो खाली येतो. कारण गर्भावस्थेच्या आरंभी मध्यपटल मानेपाशीच घडू लागतो आणि खाली सरकताना आपला तंतू सोबत ओढून आणतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलन याने प्राण्यांचा मेरुरज्जू निरनिराळ्या उंचीवर छेदून पाहिला आणि मानेच्या खाली छेद घेतला तर मध्यपटल चालूच राहतो, मानेच्या माथ्याशी घेतला तर श्वास तत्काळ बंद पडतो, हे दाखविले. हा ताल मुळात उठतो लंबमज्जेत, म्हणजे मेंदूचा जो भाग मेरुरज्जूला जोडला जातो तेथे. हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लगाल्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने ठरविले. झोपेतही तो ताल तुटत नाही. मनुष्य श्वास क्षणभर रोखू शकतो, लांबवू शकतो. पण रक्तातील कर्बवायू वाढला की लंबमज्जा इच्छेचा हुकूम रद्द करते. मला शरीराच्या साऱ्या रचनेत याहून विस्मयकारक असे काही वाटत नाही: एकाच स्नायूवर दोन सत्तांचा अंमल, आणि अखेरचा निर्णय त्या सत्तेचा, जिला आपण ओळखतही नाही.

रोग्याची इच्छा जेथे पुरी पडेना तेथे शल्यवैद्याने मज्जातंतूलाच हात घातला. इटालियन वैद्य फोर्लानिनी याने सुईने छातीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटविण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच काढली होती. 1911 साली जर्मनीत स्टुर्ट्झ याने फ्रेनिक तंतू छेदण्याची कल्पना मांडली. मानेत, गळपट्टीच्या हाडाच्या किंचित वर, लहानसा छेद घेऊन हा तंतू गाठता येतो. तो तोडला की त्या बाजूचा अर्धा मध्यपटल लुळा पडून वर चढतो, आणि त्यावरचे फुप्फुस दबून बरेचसे स्वस्थ होते. पुढे तंतू तोडण्याऐवजी तो चिमट्याने चिरडण्याची पद्धत रूढ झाली, आणि तीत मोठा विवेक होता. कारण चिरडलेल्या तंतूचे आवरण शाबूत राहते, त्यातून नवे धागे दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढत जातात, आणि काही महिन्यांनी मध्यपटल परत हलू लागतो. म्हणजे मज्जातंतूच्या पुनर्जननाचा वेग हीच विश्रांतीची मुदत ठरली. कधी तंतू परत वाढत नसे, आणि मग रोगी जन्मभर अर्ध्या श्वासाचा धनी होई. आज या शस्त्रक्रियेला क्रूर म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. दुसरे काहीही हाती नसताना निरोगी स्नायू जाणूनबुजून लुळा करण्यास रोगी आणि वैद्य दोघेही तयार झाले, यात मला त्यांचे धैर्यच दिसते.

येथे याच सह्याद्रीवरील दुसऱ्या एका ठिकाणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. लोणावळ्यास 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात उड्डियान आणि नौली या क्रियांवरील क्षकिरणांचे आणि दाबमापनाचे प्रयोग प्रसिद्ध केले. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, कंठ मिटून, बरगड्या फुलवितात. त्या ओढीने सैल पडलेला मध्यपटल छातीत उंच चढतो. शल्यवैद्य चिमट्याने जे साधू पाहत होता, त्याचे क्षणिक रूप येथे साधक केवळ अभ्यासाने घडवीत होता. त्याने रोग बरा होतो असा दावा मी करणार नाही, कारण साधकाचा मध्यपटल पुढच्याच श्वासाला पुन्हा कामास लागतो. पण इच्छेची सत्ता लंबमज्जेच्या सीमेपर्यंत कोठवर नेता येते, हे मोजून पाहण्याचे काम महाराष्ट्रात झाले, याचा अभिमान वाटावा असे ते काम आहे.

विश्रांतीचे युग पुढे फार टिकले नाही. 1943 साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले, 1952 मध्ये आयसोनियाझिड आले, आणि जंतूच मारता येऊ लागल्यावर फुप्फुस मिटवून ठेवण्याचे प्रयोजन संपले. 1959 साली मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने 193 रोग्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: गरिबाच्या दाटीवाटीच्या घरात, बेताच्या आहारावर, कामधंदा करीत औषधे घेणारा रोगी आरोग्यधामातील खाटेवरच्या रोग्याइतकाच बरा होतो. डोंगरी हवेच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या प्रतिष्ठेला या निष्कर्षाने धक्का दिला, आणि तो योग्यच होता. कारण ज्यांना पाचगणीचा खर्च कधीच झेपणार नव्हता, अशा लक्षावधी माणसांना त्याने वाचविले. 1964 मध्ये बेल-एअर रेडक्रॉस संस्थेच्या स्वाधीन झाले आणि इस्पितळ म्हणून पुढे चालू राहिले.

त्या व्हरांड्यांत राहून गेलेल्यांची पत्रे, तापाचे तक्ते आणि छातीच्या क्षकिरणांच्या काचा सातारा, पुणे, मुंबईच्या ज्या घरांतून अजून पडून असतील, त्या घरांनी ती रद्दीत घालू नयेत. नावे झाकून का होईना, एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या दप्तरी ती जमा करावीत, एवढी माझी विनंती आहे.