ठोशाचा जोर कमरेत: कोठुऱ्याच्या बाळंभटदादांचा खांब

निफाड तालुक्यात गोदावरीकाठी कोठुरे नावाचं गाव आहे. १७८० मध्ये तिथे जन्मलेले बाळंभटदादा देवधर पुढे दुसऱ्या बाजीरावाचे व्यायामगुरू झाले. परंपरा सांगते, की निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. कुणी पुढे होईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी मुदत मागून घेतली आणि सप्तशृंगीचा गड गाठला. तिथे माकडांच्या हालचालींवरून त्यांना खांबावरच्या मेहनतीची स्फूर्ती झाली. परतल्यावर त्यांनी अलीला चीत केलं; गुलाब लढलाच नाही.

मल्लस्तंभाचा, म्हणजेच मल्लखांबाचा, उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही आहे. बाळंभटदादांनी त्या विद्येला नवा जन्म दिला.

मल्लखांबातली साधी अढी बघावी. लाकडाला एरंडेल चोळलेलं असतं. दोन्ही हातांनी खांब धरायचा, कंबर उचलून पाय डोक्यावरून वर न्यायचे आणि मांड्यांनी खांब आवळायचा. नवशिका सगळा भार दंडावर घेतो आणि घसरतो. पोट आणि कंबर कामाला लागली, की अंग आपसूक वर जातं.

बॉक्सिंगमधला ठोसाही असाच चालतो. मागचा पाय जमीन रेटतो, तो रेटा कमरेच्या पिळातून धडात, खांद्यात आणि शेवटी मुठीत उतरतो. कंबर ढिली असली, की जोर वाटेतच जिरतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात मुरलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३९ टक्के आणि हाताचा जेमतेम २४ टक्के भरला. नवख्यांमध्ये पायांचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास होता, हाताचा ३८. मूठ लागते त्या क्षणी धड ताठ आवळलेलं असेल, तर हाताच्या मागे अख्ख्या अंगाचं वजन उभं राहतं. खांब नेमकं हेच आवळणं शिकवतो.

जमिनीला रेटा देणं मात्र खांबावर शिकता येत नाही. त्यासाठी बैठकाच हव्यात, म्हणून तालमीत जोर-बैठका आणि मल्लखांब ही जोडी टिकली आणि ती टिकायलाच हवी होती. बाळंभटदादांच्या परंपरेतल्या कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे यांनी मल्लखांबाची विद्या पुढे नेली; १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब जगाला दाखवला.