नांव आणि नाद



‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आज मी जी हकीकत सांगणार आहें ती या म्हणीच्या उलट आहे. तींत वाळा सोन्याचा असल्याचा संशय आहे, पण नांव मात्र फारसें कोणास ठाऊक नाहीं. विषय विजेच्या गिटारचा आहे. निवृत्त शाळामास्तरानें असल्या विषयांत पडावें याचें कांहींना नवल वाटेल. परंतु प्रश्न नकलेचा आहे, आणि नक्कल ओळखण्याचें काम मास्तराइतकें दुसऱ्या कोणाच्या वांट्यास येत नाहीं.

गिटारला वीज लागली ती गरजेमुळें. अमेरिकेंत नाचाच्या मोठ्या वाद्यवृंदांत तुताऱ्यांच्या गजरांत तिचा आवाज बुडून जाई. १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची हवाइयन धर्तीची विजेची गिटार सिद्ध केली. तिच्या आकारावरून लोकांनीं तिला ‘तवा’ असेंच नांव ठेवलें. तिची युक्ति सोपी आहे. पोलादी तारांच्या सान्निध्यांत लोहचुंबक, आणि त्याच्या जोडीला तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे. तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें, वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि तो वाढवून कर्ण्यांतून ऐकूं येतो. म्हणजे सतारीला जसा भोपळा लागतो तसें पोकळ अंग या वाद्याला लागेनासें झालें. भरीव फळी पुरे झाली. पुढचें सारें महाभारत या एका गोष्टींतून उद्भवलें. भोपळा साधणें ही पिढीजात कला. फळी कापणें हें चांगल्या कारखान्याचें काम. जें कारखान्यांत होतें, तें दुसऱ्या कारखान्यांतही होऊं शकतें.

आज ज्यांना आपण अभिजात म्हणतों त्यांपैकीं लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती! १९५० सालीं त्यानें भरीव अंगाची गिटार ‘ब्रॉडकास्टर’ या नांवानें बाजारांत आणली. तसेंच नांव आपल्या ढोलांना आहे, अशी ग्रेच कंपनीनें हरकत घेतली, तेव्हां फेंडरच्या कारखान्यांत चिठ्ठीवरील तेवढें नांव कापून टाकून माल बाहेर जाऊं लागला. १९५१ सालीं ‘टेलिकास्टर’ हें नवें नांव ठरलें. जुन्या, नांवाजलेल्या गिब्सन कंपनीनें या नवख्याला उत्तर म्हणून १९५२ सालीं ‘लेस पॉल’ काढली, आणि १९५४ सालीं फेंडरची ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. नवख्यानें वाट दाखवावी आणि नामवंतानें मागून यावें, असा प्रकार अभिजातांच्या घरींच घडलेला आहे, हें ध्यानांत ठेवावें.

१९६५ सालीं सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीनें फेंडरचा कारखाना १ कोटी ३० लक्ष डॉलर्सना विकत घेतला. गिब्सनही १९६९ सालीं परक्या हातीं गेली; ते मालक पुढें नॉर्लिन या नांवानें ओळखले जाऊं लागले. त्यानंतरच्या मालाबद्दल जाणत्यांची तक्रार सर्वत्र सारखीच आहे. गिब्सनचीं अंगें लाकडाचे थर चिकटवून होऊं लागलीं. फेंडरच्या दांड्याला स्ट्रॅटोकास्टरमध्यें चार स्क्रूंऐवजीं तीनच आले.

त्याच काळांत जपानांत काय चाललें होतें? हामामात्सु या शहरीं १८८७ सालीं तोराकुसु यामाहा या कारागिरानें एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, आणि त्यांतून यामाहाचा मोठा धंदा उभा राहिला. (शाळेच्या ऑर्गननें एखाद्या गांवाचें नशीब उघडावें, हें मला विशेष गोड वाटतें.) त्याच शहरांत १९४७ सालीं तोकाइ ही लहानशी कंपनी निघाली. नागानो प्रांतांतील मात्सुमोतो येथें फुजिगेन नांवाचा कारखाना होता. ग्रेको व इबानेझ या छापांच्या कित्येक गिटारी तो करी. १९७० नंतरच्या पहिल्या जपानी नकला बाहेरूनच गिब्सनसारख्या असत. दांडा चिकटविण्याऐवजीं स्क्रूंनीं बसविलेला आणि वरची फुगीर फळी दाबून घडविलेल्या प्लायवुडची. पण वर्षा-दोन वर्षांनीं त्यांचा हात सुधारत गेला, आणि १९७८ च्या सुमारास तोकाइनें लेस पॉलची जी प्रतिकृति काढली तिचें नांवच मुळीं ‘लेस पॉल रिबॉर्न’, म्हणजे पुनर्जन्म पावलेली लेस पॉल, असें ठेवलें. पुढें तें बदलून ‘लव्ह रॉक’ केलें. त्यांचे नमुनाक्रमांक मोठे प्रामाणिक: एलएस-५० म्हणजे किंमत पन्नास हजार येन.

परीक्षेंत शेजाऱ्याचें पाहून लिहिणारा मुलगा त्याची चूकही उतरून घेतो आणि तेथेंच सांपडतो. येथें मामला निराळा झाला. ज्याचें पाहून लिहिलें त्यानेंच अभ्यास सोडला, आणि त्याची जुनी, चांगली वही उतरणाऱ्यापाशीं शिल्लक राहिली. तोकाइनें समोर ठेवली ती १९७८ ची अमेरिकन गिटार नव्हे. १९५० नंतरच्या दशकांतील.

२८ जून १९७७ रोजीं नॉर्लिननें फिलाडेल्फियाच्या न्यायालयांत दावा लावला, तो इबानेझच्या अमेरिकेंतील एल्जर कंपनीवर. त्यावरून त्या काळच्या सगळ्याच जपानी नकलांना ‘दाव्याच्या गिटारी’ म्हणण्याची चाल पडली. ती चुकीची आहे, तोकाइचा त्या दाव्याशीं संबंध नव्हता. शिवाय वाद कशाचा? दांड्याच्या शेंड्याच्या आकाराचा. उघडलेल्या पुस्तकासारखी जी गिब्सनची खूण, तिचा. लाकूड, वेढे, आवाज यांविषयीं न्यायाधीशांना कोणी विचारलेंच नाहीं. प्रकरण आपसांत मिटलें, आणि इबानेझनें शेंडा त्यापूर्वींच बदललेला होता.

मग निवाडा कोणी करावयाचा? माझ्या मतें तो प्रतिस्पर्ध्यानेंच केला. १९८२ सालीं फेंडरनें जपानी व्यापाऱ्यांच्या भागीदारींत ‘फेंडर जपान’ काढली आणि आपल्याच जुन्या नमुन्यांच्या गिटारी फुजिगेनकडून बनवून घेऊं लागली. ज्याच्या नकलेनें आपण हैराण झालों, त्याच्याच हातीं आपलें नांव द्यावें, यापरतें प्रशस्तिपत्र कोणतें? एवढें मान्य करूनही मी तोकाइला गिब्सनच्या शेजारीं बसवीन तें केवळ कारागिरीच्या पाटावर. त्या आकाराची कल्पना, आणि गुणगुणाट मारणारें दुहेरी वेढ्यांचें यंत्र, जें सेथ लव्हर यानें १९५५ च्या सुमारास शोधलें, तें तोकाइचें नव्हे. उलट इबानेझनें पुढें आपली वाट धरली. जॉर्ज बेन्सनच्या नांवाची गिटार काढली, आणि १९९० सालीं सात तारांची. तिला मी खरी प्रतिस्पर्धी म्हणेन.

१९८५ सालीं फेंडरच्याच नोकरवर्गानें ती कंपनी सीबीएसकडून परत विकत घेतली. त्या सौद्यांत फुलर्टनचा कारखाना मात्र नव्हता. कोरोना येथें नवा कारखाना नीट चालूं लागेपर्यंत फेंडरच्या दुकानांतला पुष्कळसा माल जपानांतूनच येत होता.