सही कोणाची, शहाणपण कोणाचं?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने अहवाल आणि श्वेतपत्रिका यांच्या भानगडीत कशाला पडावं? त्याचं उत्तर माझ्याच एका चुकीत आहे, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या दुरवस्थेवर एक समिती नेमली गेली. पाचही सदस्य प्राध्यापक. माझी भाषा बरी, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. तीन महिने आम्ही बैठका घेतल्या, चहा प्यायलो आणि चाळीस पानांचा अहवाल दिला. मुख्य शिफारस काय, तर लाकडी कपाटं काढून लोखंडी घ्या. कपाटं आली. दोन पावसाळ्यांत नव्या कपाटांतली पुस्तकंही बुरशीने खाल्ली. तिथे वीस वर्षं पुस्तकं उचलणारे-ठेवणारे एक परिचर होते. ते एकदा सहज म्हणाले, "सर, ओल कपाटात नव्हतीच. उत्तरेच्या भिंतीत आतून पाईप गळतोय." मी म्हटलं, "अहो, मग सांगितलं का नाहीत?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कामाच्या जागेबद्दलचं ज्ञान कोणाकडे असतं, आणि त्याबद्दलचा कागद कोण लिहितो? या दोन प्रश्नांमधलं अंतर हाच आजचा विषय.

आधी शब्द पाहू. श्वेतपत्रिका म्हटलं की आपल्याला सरकार आठवतं. २०१२ साली महाराष्ट्र सरकारने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली, तेव्हा हा शब्द चहाच्या टपरीवरही पोचला. मूळ ब्रिटिश संसदेतलं. तिथे जाडजूड अहवालांना निळं वेष्टण असायचं, म्हणून ती निळी पुस्तकं. वेष्टण घालण्याइतकी जाडी नसलेले कागद नुसते पांढरे, म्हणून ते पांढरे कागद. पॅलेस्टाईनबद्दलची १९२२ची चर्चिल श्वेतपत्रिका हे त्याचं एक जुनं, प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे १९३३च्या श्वेतपत्रिकेतून पुढे १९३५चा कायदा आला. म्हणजे हा कागद वरून खाली येणारा. सरकार बोलणार, लोक वाचणार. पुढे कंपन्यांनी हा शब्द उचलला, आणि आज कचेऱ्यांमध्ये पाच-दहा जण मिळून एकाच कागदावर काम करतात.

पण खालून वर जाणारा कागदही आहे, आणि त्याचा इतिहास मुंबईतच सापडतो.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात संरक्षण होतं ते मुख्यतः मुलांना. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काही नव्हतं. १८८४ साली मुंबई सरकारने आयोग नेमला. तेव्हा 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि निवेदन तयार झालं. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या त्यावर होत्या.

मागण्या बघा. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर निर्वाहाची तरतूद.

ही यादी कोण करू शकतो? पंधरा तारीख पाहा. पगार दीड-दोन महिने अडकला की वाणी उधारी बंद करतो, हे ज्याने सोसलंय तोच तारीख घालून मागेल. बाहेरचा भला माणूस "वेतन वेळेवर मिळावे" असं लिहून मोकळा होईल. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणून त्यांना ऐकूही आलं आणि लिहिताही आलं. लगेच काही पदरात पडलं नाही. पण एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी दुपारी आडवे होतो ना, त्यामागे त्या सह्या आहेत.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. १९४२चा बेव्हरिज अहवाल, ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा पाया. समितीत वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी होते. पण मजकूर इतका राजकीय वळणाचा होऊ लागला, की अधिकाऱ्यांना त्यात बांधून घेणं सरकारला नको होतं. तेव्हा ठरलं, की ते फक्त सल्लागार राहतील आणि अहवालावर एकट्या बेव्हरिजची सही असेल. काम अनेकांचं, नाव एकाचं. वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण लक्षात घ्या, सही म्हणजे नुसतं श्रेय नव्हे, जबाबदारीही आहे. सही कोण करतो यावर कागद किती धीटपणे बोलू शकेल हे ठरतं. मुंबईत ५,५०० सह्या म्हणजे एकट्यावर राग निघू नये अशी ढाल होती. लंडनमध्ये एकच सही म्हणजे बाकीच्यांना मिळालेली मोकळीक होती.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. इंग्लंडमधली लुकास एअरोस्पेस, विमानांची यंत्रणा बनवणारी कंपनी. जवळपास निम्मं काम लष्करी. सत्तरच्या दशकात नोकऱ्या कमी होऊ लागल्या. तिथे १७ कारखाने आणि १३ वेगवेगळ्या युनियन. त्यांच्या प्रतिनिधींनी मिळून एक संयुक्त समिती बनवली. नोव्हेंबर १९७४ मध्ये ते उद्योगमंत्री टोनी बेन यांना भेटले, तेव्हा बेन म्हणाले, तुम्हीच पर्यायी योजना तयार करा.

या मंडळींनी आधी काय केलं? आपण जे करू तेच. विद्यापीठं, संस्था, तज्ज्ञ अशा सुमारे १८० ठिकाणी पत्रं लिहिली, की आमचं कौशल्य समाजाच्या उपयोगी कसं लावता येईल? उत्तरं आली तीन-चार. मग त्यांनी प्रश्नावली फिरवली आपल्याच कारखान्यांत. तुमच्याकडे यंत्रं कोणती, हातात कसब काय, आणि तुम्ही काय बनवायला हवं असं तुम्हाला वाटतं? कामगार म्हणून सांगा आणि गिऱ्हाईक म्हणूनही सांगा. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. कारण कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला की तोच माणूस कुणाचा तरी बाप असतो, कुणाचा तरी शेजारी असतो.

सुमारे १५० कल्पना आल्या. उष्णता-पंप, पवनचक्क्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिस यंत्रं, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे धावणारी बस, पेट्रोल इंजिन आणि बॅटरी एकत्र चालवणारी मोटार. आज रस्त्यावर हायब्रीड गाडी दिसली की मला १९७६ आठवतं. त्या वर्षी जानेवारीत योजना जाहीर झाली. सहा खंड, प्रत्येकी सुमारे दोनशे पानं.

व्यवस्थापनाने ती नाकारली. या कामात पुढे असलेले अभियंते माइक कूली यांची १९८१ साली नोकरी गेली, आणि त्याच वर्षी त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कारही मिळाला. मग योजना फसली का? कंपनीच्या हिशोबात फसली. स्वतः कामगार संघटनांच्या वरच्या नेतृत्वालाही ही खालून उभी राहिलेली समिती फारशी रुचली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मिळून लिहिणं म्हणजे सगळे गोडीगुलाबीने बसले होते असं समजू नका.

इथे थोडं तत्त्वज्ञान. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये दोन प्रकारच्या जाणण्यातला फरक मांडला. 'अमुक असं आहे' हे माहीत असणं वेगळं, आणि 'अमुक कसं करायचं' हे येणं वेगळं. मायकेल पोलानी यांनी पुढे जाऊन म्हटलं, की आपल्या ज्ञानाचा मोठा भाग आपल्याला शब्दांत सांगताच येत नाही. पोळी फुगणार की नाही हे आईला तव्यावर बघून कळतं, पण विचारलं तर ती म्हणेल, "कळतं बाई, करून करून." कूली यांनी याच मुक्या ज्ञानाचा आग्रह आयुष्यभर धरला.

पण मग मोठी अडचण येते. जे बोलून दाखवता येत नाही, ते कागदावर कसं येणार? बैठकीत तर नाहीच येणार. बैठकीत ज्याला बोलता येतं तोच बोलतो. त्यासाठी कामाच्या जागी जाऊन उभं राहावं लागतं, करून दाखवायला सांगावं लागतं. आणि लिहून झाल्यावर परत जाऊन वाचून दाखवावं लागतं, "हे बरोबर उतरलंय का?" म्हणून.

कुणी म्हणेल, कामगाराचा कागद त्याच्या स्वार्थाचाच असणार. असणारच. कंपनीचा नसतो का? सरकारचा नसतो का? उपाय एवढाच, की कोण कुठे उभं राहून बोलतंय हे कागदाने लपवू नये, आणि ज्याचं मत जुळलं नाही त्याचं मतही त्यात नोंदवावं. एकमताचा देखावा करणारा अहवाल मला हल्ली संशयास्पद वाटतो. आमचा ग्रंथालयाचा अहवाल एकमताचाच होता.

त्या परिचरांचं मी पुढे काय केलं, असं तुम्ही विचाराल. मी प्राचार्यांना पत्र लिहिलं, भिंत उकरली गेली, पाईप बदलला. पत्रावर माझी एकट्याची सही होती. शोध कोणाचा, हे मी त्यात लिहिलं नाही. तेव्हा ते सुचलंच नाही. मला वाटतं, ती दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. पहिल्या चुकीत मी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा उत्तर मिळालं होतं, तरी नाव माझंच राहिलं.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरीत आहात. उद्या कुणी तरी तुम्हाला अहवाल लिहायला सांगेल. लिहिण्याआधी एकदा जागेवर जा, आणि तिथे रोज हात घालणाऱ्याला विचारा. मग त्याचं नाव लिहा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.