फणेरपेटी ते ड्रेसिंग टेबल

श्रोतेहो, मावळचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड उभे राहतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. आज मात्र मी तुम्हाला गडावर नेणार नाही. मी तुम्हाला घरातल्या एका फळीपुढे बसवणार आहे. ही फळी दोन-अडीच हात लांब, हातभर रुंद आणि झोपायच्या खोलीत आरशाखाली असते. तिच्यावर फणी असते, तेलाची बाटली असते, पावडरचा डबा असतो, कुंकवाची डबी असते, आणि शिवाय शिंप्याची पावती, औषधाची पुडी आणि कुणाचा तरी चष्मा! सासूबाई तिला पसारा म्हणतात, सूनबाई म्हणतात, "लागतं हो सगळं." या फळीला आपण ड्रेसिंग टेबल म्हणतो. ती मांडावी कशी याची चर्चा घरोघर होते. पण ती आपल्या घरात आली कशी, हे सहसा कुणी विचारत नाही.

सुरुवात जरा लांबून करते. कार्ल्याचे लेणे तुम्ही पाहिले असेल. एकवीरा आईच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण त्याच्या दारावरून जातो. त्या चैत्यगृहावर ब्राह्मी लिपीत दान करणाऱ्यांची नावे कोरली आहेत. लेख सुमारे दोन हजार वर्षांचे. त्यांतला एक सांगतो, की धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने 'घरमुख' म्हणजे दर्शनी दार दान दिले. गांधिक म्हणजे गंध विकणारा, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आणि गंमत अशी, की त्याच दर्शनी भागावर दुसऱ्या एका लेखात त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याची नोंद आहे. एक अत्तरवाला आणि एक सुतार! आपल्या ड्रेसिंग टेबलाला लागणारे दोन्ही व्यवसाय बोरघाटाच्या माथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी शेजारीशेजारी नाव कोरून उभे आहेत. दाराशी कोरलेली जोडपी पाहा. बाईच्या हातांत कांकणे, कानांत जड कुंडले, पायांत वाळे. नटण्याची हौस काही मुंबईहून आगगाडीने आलेली नाही, एवढे यावरून ध्यानात घ्यायचे.

आगगाडीने आले ते टेबल. त्याआधी काय होते? त्याआधी होती फणेरपेटी.

आज वयाने पिकलेल्या श्रोत्यांना ती आठवत असेल. शिसवी किंवा सागवानी लाकडाची, मांडीवर मावेल एवढी पेटी. झाकण उघडले की आतल्या बाजूला आरसा. आत लहान लहान कप्पे: एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेणाची डबी, एकात काजळ. खाली एखादा चोरकप्पा, त्यात नथ, बुगड्या, आणि नवऱ्यालाही ठाऊक नसलेले दोन-चार रुपये. आधी कपाळाला बोटाने मेण लावायचे आणि त्यावर कुंकू टेकवायचे, म्हणजे ते दिवसभर कामाच्या घामाने ओघळत नसे. कुंकू हळदीचेच. हळकुंडाला सवागी, तुरटी आणि लिंबाचा रस यांचे पूट देऊन केलेले.

पेटी का आणि टेबल का नाही? याची दोन कारणे आहेत, आणि दोन्ही साधी आहेत. पहिले म्हणजे, मावळातल्या जुन्या घरात झोपायची खोली अशी नव्हतीच. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि गोठा. माणसे रात्री जिथे जागा असेल तिथे अंथरूण टाकीत आणि सकाळी ते गुंडाळून ठेवीत. जिथे बिछानाच जागचा नाही, तिथे शृंगाराचे टेबल कुठे मांडणार? दुसरे कारण उजेड. आरशाला डोळे नसतात. उजेड असेल तेवढाच तो पाहतो. आमच्याकडचा पाऊस चार-चार महिने कोसळणारा. पावसापायी घराची छपरे खाली उतरलेली, भिंतीत एखादा झरोका. भर दुपारी माजघरात समई लावावी लागे. मग बाई पेटी उचलायची आणि मागल्या दारी, नाहीतर पडवीत, जिथे उजेड असेल तिथे जाऊन बसायची. उजेड बाईकडे येत नव्हता, बाईच उजेडाकडे जात होती. म्हणून पेटी, उचलता येणारी.

आणि ती तिची स्वतःची असे, हेही विसरू नका. घर सासऱ्यांचे, शेत दिरा-भावांचे, भांडीकुंडी सासूच्या हाताखालची. माहेरून आलेली ही एवढी पेटी मात्र तिची.

पण या पेटीला एक अट होती. ती बोलायला अवघड आहे, तरी बोलते. फणी आणि करंडा हे सौभाग्याचे लेणे. नवरा आहे तोवर पेटी. तो गेला, की करंडा गेला, आरसा गेला. आमच्या वडिलांची आत्या पवन मावळातल्या एका खेड्यात दिली होती. अकराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरे. परत आली ती पेटी घेऊनच. पण करंडा नदीत सोडलेला आणि झाकणातला आरसा पाचर घालून काढलेला. त्या रिकाम्या चौकटीत तिने विठोबाची तसबीर बसवली होती. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणायचो. ती रोज संध्याकाळी पेटी उघडायची, विठोबाला हात जोडायची, आणि पोस्टाचे पुस्तक जागेवर आहे ना ते पाहून पेटी मिटायची.

हे एका घरचे दुःख नव्हते. विधवेने पुन्हा लग्न केले तर ते कायदेशीर मानणारा कायदा १८५६ साली झाला, पण कायदा कागदावर आणि रूढी उंबरठ्यावर. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये पुण्यात आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. तिथे बायका पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. पाटी हातात आली. आरसा परत हातात यायला मात्र आणखी वेळ लागला.

आता आगगाडीकडे वळू. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ आले आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पुरा झाला. मुंबई आणि पुणे जोडले गेले. लोणावळा-खंडाळ्याची हवा मुंबईच्या धनिकांना मानवली. इंग्रज साहेब आले, पारशी शेटजी आले, पुढे गुजराती व्यापारी आले. बंगले उठले. बंगल्यात प्रथमच झोपायची खोली निराळी, तिला मोठ्या खिडक्या, आणि खिडकीच्या उजेडात आरशाचे टेबल. आपल्या मावळच्या कितीतरी बायांनी ते पहिल्यांदा पाहिले असेल ते समोर बसून नव्हे, तर त्याच्यावर फडके मारताना!

त्या टेबलाचा जन्म युरोपातला, सतराव्या-अठराव्या शतकातला. त्याच्यावर एक लहानसे कापड अंथरीत आणि त्यावर डब्या-बाटल्या मांडीत. फ्रेंच भाषेत कापडाला 'त्वाल' म्हणतात आणि लहान कापडाला 'त्वालेत'. कापडाचे नाव टेबलाला पडले, टेबलाचे शृंगाराला पडले, शृंगाराचे न्हाणीघराला पडले, आणि घसरत घसरत ते 'टॉयलेट' होऊन कुठे पोचले ते मी आकाशवाणीवरून सांगायची गरज नाही! पण तुमच्या टेबलावर क्रोशाने विणलेला रुमाल असेल, तर त्या मूळच्या कापडाचा तो वंशज समजा.

युरोपातून आली ती आरशाची काचही. आपल्याकडे आधी धातूचे घासून चकचकीत केलेले आरसे असत. 'आरसा' हा आपला शब्द संस्कृत 'आदर्श' यावरून आला, 'ऐना' हा फारसीतून. पुढे बेल्जमच्या काचेचे नाव एवढे झाले, की चांगला आरसा म्हणजे बेल्जमचा, असे समीकरणच ठरले. मग स्वदेशीची चळवळ आली, आणि या गोष्टीत पुन्हा मावळ पुढे आला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काचेचे काम शिकवीत. एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या त्या भट्टीवर शिकलेली माणसे पुढे देशभर पांगली आणि काचेचा धंदा त्यांनी रुजवला. टेबलावरची काचेची डबी हातात घ्याल, तेव्हा तळेगावची आठवण ठेवा.

उरला उजेड. लोणावळ्याच्या डोंगरात पडणारा पाऊस टाटांनी धरणांत अडवला, नळांतून खाली खोपोलीला सोडला आणि १९१५ पासून त्याची वीज मुंबईला जाऊ लागली. पाऊस आमचा, पण आधी उजळल्या आणि फिरल्या त्या मुंबईच्या गिरण्या. मावळच्या खेड्यांत स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे कंदीलच होता. आत्याआजी म्हणायची, "पाणी आपल्या दारचं, दिवा दुसऱ्याच्या घरचा." आणि पाहा योगायोग: त्याच टाटांच्या घराण्याने १९५२ मध्ये 'लॅक्मे' नावाने सौंदर्यप्रसाधने काढली. आधी वीज, मग पावडर. ड्रेसिंग टेबलाची तयारी क्रमाने झाली म्हणायची.

एकदा दिवा खोलीत आला आणि पेटीचे काम संपले. आता बाईला उजेडामागे जायला नको. आरसा भिंतीशी स्थिर झाला, आणि झाकणाखाली जे मिटून होते ते सारे फळीवर उघड्यावर आले. इथेच पसारा सुरू झाला! पेटीला कप्पे होते, फळीला कप्पे नाहीत. पेटी भरली की थांबावे लागे. फळी म्हणते, ठेवा अजून.

तेव्हा मांडणीबद्दल मावळच्या हवेने शिकवलेल्या दोन गोष्टी सांगून ठेवते. आरशाच्या पाठीला चांदीचा पातळ थर असतो. ही रीत १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधली. त्यापूर्वी कथील आणि पारा वापरीत. पावसाळ्याची ओल कडेने आत शिरली की हा थर काळवंडतो आणि आरशाला डाग पडतात. म्हणून आरसा भिंतीला चिकटवू नका, मागे दोन बोटे हवा खेळू द्या. तसेच लाकूड ओलीने आडवे फुगते, लांबीला फारसे नाही. आषाढात खण अडकतो तो त्यामुळे. ओढाताण करू नका, खणाच्या कडेला मेण चोळा. बाकी फळीवर काय ठेवावे? जुन्या पेटीचीच शिस्त पाळा. रोज हाताला लागते ते बाहेर, बाकीचे खणात. एका लाकडी तबकात चार वस्तू ठेवल्या की तबक उचलून फळी पुसता येते. फूल ठेवायचे तर एकच. आणि एखादी तरी वस्तू अशी असावी, की जी शोभेची नाही, आठवणीची आहे.

आमच्या घरी ड्रेसिंग टेबल आले ते १९६२ साली. वडील लोणावळ्याला नोकरीला होते. एका बंगल्याचे सामान विकायला निघाले, त्यातून त्यांनी ते घेतले. आरशाला कडेने डाग होते, म्हणून स्वस्तात मिळाले. आईने फळीवर स्वतः विणलेला रुमाल घातला. एका बाजूला तेल आणि फणी, दुसऱ्या बाजूला पावडरचा डबा. मधली जागा रिकामी राहिली. आई उठली, माजघरातून आत्याआजीची पेटी घेऊन आली आणि बरोबर मध्ये ठेवली.

आत्याआजी दारातच थांबली. म्हणाली, "तिथं माझं काय काम, गं?"

आई म्हणाली, "आत्याबाई, पेटी आधी आली, टेबल मागनं आलं. तिचाच मान आहे."

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिने पेटी उघडायला घेतली. विठोबाला हात जोडले आणि मान वर केली. समोर आरसा होता. जवळजवळ चाळीस वर्षांनी ती स्वतःला पाहत होती. मी पलंगावर अभ्यास करीत बसले होते. मला वाटले, ती आता रडेल. पण ती थोडी पुढे वाकली, कानामागची बट सारखी केली आणि म्हणाली, "केस फारच पांढरे झाले की गं माझे!" मग फळीवरची फणी उचलली आणि सावकाश केस विंचरले. त्या दिवसापासून रोज ती दोन मिनिटे तिथे बसायची.

ते टेबल आजही माझ्याकडे आहे. आरशावरचे डाग वाढले आहेत, आणि त्याच्या कडेला लेकी-सुनांनी लावून ठेवलेल्या टिकल्यांची रांग आहे. पेटी अजून मधोमधच आहे. कुणी मला विचारले, की ही फळी कशी सजवावी, तर मी एवढेच सांगते: बाई, काय वाटेल ते मांड, पण घरातल्या प्रत्येकीला तिथे बसता येईल, एवढी जागा तेवढी ठेव.